शांघायमधला 'हाय' जपानी कसा झाला: चार्टवर चिनी अक्षरं आणतानाचं एक प्रकरण

शांघायहून आलेला ई-मेल दोन ओळींचा होता. चार्ट छान झालाय, आकडे बरोबर आहेत, फक्त आमच्या शहराचं नाव जपानी पद्धतीने का लिहिलंय एवढं सांगाल का. बास, एवढंच. राग नाही, तक्रार नाही, आणि म्हणूनच जास्त लागलं, कारण तो चार्ट पाठवायच्या आधी आम्ही दोघांनी चार दिवस अक्षरांच्या जागी येणाऱ्या चौकोनी डब्यांशी मारामारी केली होती आणि शेवटी डबे गेले, अक्षरं आली, म्हणून खुशीत वडापाव पण खाऊन झाला होता.

आधी काय काम होतं ते सांगतो. आमची पुण्यातली छोटी टीम, औषधं थंड ठेवून पाठवायच्या खोक्यांचं पॅकेजिंग डिझाइन करणाऱ्यांसाठी डेटाचं काम करते. शांघायच्या पार्टनरला चीनमधल्या पाच शहरांचं महिन्यागणिक सरासरी तापमान एका चार्टवर हवं होतं: हार्बिन, बीजिंग, शांघाय, चोंगचिंग, ग्वांगझू. कुठल्या शहरात कुठल्या महिन्यात कुठलं खोकं वापरायचं ते त्यावरून ठरणार. गोदामातल्या लोकांना दाखवायचा म्हणून शहरांची नावं, महिने, अक्षांची लेबलं सगळं चिनीत हवं. पायथन (प्रोग्रामिंगची भाषा), मॅटप्लॉटलिब (तिच्यातलं चार्ट काढायचं साधन), एक सीएसव्ही फाइल (आकड्यांचा साधा तक्ता). मी आमच्याकडच्या नवीन मुलीला म्हटलं, अर्ध्या दिवसाचं काम आहे, करून टाक. (हे वाक्य मी आता कोणालाच म्हणत नाही.)

पहिली गंमत चार्टच्या आधीच झाली. फाइल वाचतानाच पायथनने एरर दिली, यूटीएफ-८ मध्ये ही बाइट बसत नाही वगैरे. (यूटीएफ-८ म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायची आजची नेहमीची पद्धत, अशा पद्धतीला एन्कोडिंग म्हणतात.) तिने नेटवर बघितलं, कुणीतरी लिहिलं होतं की एन्कोडिंगमध्ये लॅटिन-१ (युरोपीय अक्षरांची जुनी पद्धत) टाका, एरर जाते. टाकलं, गेली. जाणारच, कारण लॅटिन-१ ला कुठलीही बाइट चालते, ते कधी नाही म्हणतच नाही, त्यामुळे एरर गेली याचा अर्थ वाचन बरोबर झालं असा होत नाही. शांघायच्या जागी आलं काय तर डोक्यावर रेघ असलेला ई, दोन टिंबांचा आय, एक बारका वर चढवलेला गोल आणि शेवटी चक्क पौंडाची खूण. दोन अक्षरांच्या नावाची चार चिन्हं.

मला ती चार चिन्हं बघूनच लक्षात आलं, कारण हा हिशोब ठरलेला आहे. यूटीएफ-८ मध्ये नेहमीच्या एका चिनी अक्षराला तीन बाइट लागतात, चीनच्या जुन्या जीबी पद्धतीत दोन. दोन अक्षरांची चार चिन्हं झाली म्हणजे फाइल जीबीवाली, सहा झाली असती तर यूटीएफ-८. चीनने १९८० मध्ये जीबी २३१२ नावाचं स्टँडर्ड आणलं, त्यात ६,७६३ चिनी अक्षरं होती, मग ते वाढवून जीबीके आलं, मग जीबी १८०३०, आणि प्रत्येक नवीन जुन्याला पोटात घेऊन आलं. चिनी विंडोजवर एक्सेलमधून साधी सीएसव्ही सेव्ह केली की आजही बऱ्याचदा जीबीकेच निघते. म्हणून वाचताना सरळ जीबी १८०३० द्यायचं, म्हणजे तिघांपैकी कुठलीही असली तरी वाचली जाते. दिलं, आणि टर्मिनलवर पाचही शहरं झकास दिसली.

इथे एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. कचरा अक्षरं हा प्रकार चीनमध्ये इतका नेहमीचा आहे की त्यातली एक तिकडी तिकडे विनोदच होऊन बसलीय, उच्चार साधारण 'ख्वन-चिन-खाओ'. होतं काय की एखादी बाइट वाचता आली नाही की तिच्या जागी युनिकोडचं, म्हणजे अक्षरांना नंबर देणाऱ्या जागतिक स्टँडर्डचं, 'इथे काहीतरी होतं' अशा अर्थाचं चिन्ह बसतं, आणि अशी दोन चिन्हं यूटीएफ-८ मध्ये सेव्ह होऊन परत जीबीके समजून वाचली की सहा बाइटची बरोब्बर तीन चिनी अक्षरं होतात, नेहमी तीच तीन. म्हणजे आपल्याकडे जसं जुन्या फॉन्टमधली मराठी नुसत्या इंग्रजी अक्षरांचा खिचडा म्हणून दिसायची आणि बघणाऱ्याला लगेच कळायचं की हे श्रीलिपी आहे की कृतिदेव, तसंच. कचऱ्यालाही आपापली ओळख असते. ही तीन अक्षरं दिसली तर मात्र मूळ मजकूर गेलाच समजायचा, फॉन्ट बदलून तो परत येत नाही.

तर डेटा बरोबर झाला आणि तिने चार्ट काढला. रेषा पाच, रंग छान, आणि अक्षरांच्या जागी सगळीकडे उभे चौकोनी डबे. टर्मिनलवर वॉर्निंगची रांग: ग्लिफ (म्हणजे अक्षराचं चित्र) १९९७८ सध्याच्या फॉन्टमध्ये नाही, ग्लिफ २८०२३ नाही, असं खाली खाली. ती म्हणाली, "दादा, परत एन्कोडिंग गंडलं."

नाही गंडलं. उलट हे डबे म्हणजे एन्कोडिंग बरोबर असल्याचा पुरावा. ते १९९७८ आणि २८०२३ आकडे म्हणजे 'शांग' आणि 'हाय' या दोन अक्षरांचे युनिकोडमधले नंबर, म्हणजे मॅटप्लॉटलिबला अक्षर कोणतं ते नीट कळलंय, फक्त त्याच्या हातातल्या फॉन्टमध्ये त्या अक्षराचं चित्र नाहीये. कचरा दिसला तर फाइल वाचण्यात घोळ, प्रश्नचिन्हं दिसली तर मधे कुठेतरी अक्षरं कायमची फेकली गेलीत, आणि डबे दिसले तर फक्त फॉन्ट. हे एवढं ओळखता आलं तर निम्मा वेळ वाचतो, कारण बहुतेक लोक डबे बघून एन्कोडिंगशी खेळत बसतात आणि जे चालत होतं तेही बिघडवतात. आमच्या शेजारची टीम आर नावाची भाषा वापरते, त्यांच्याकडे पीडीएफ काढताना शांघायच्या जागी सहा टिंबं यायची, म्हणजे एका अक्षरामागे तीन, म्हणजे परत तोच तीन बाइटचा हिशोब. त्यांनी शोटेक्स्ट नावाचं पॅकेज लावलं आणि विषय संपवला, आमचं नशीब तेवढं सोपं नव्हतं.

मॅटप्लॉटलिब स्वतःबरोबर डेजावू सॅन्स नावाचा फॉन्ट घेऊन येतं, २.० आवृत्तीपासून तोच डिफॉल्ट आहे. चांगला फॉन्ट आहे, ग्रीक आहे, रशियन आहे, गणिताची चिन्हं भरपूर आहेत, पण चिनी अक्षरं नाहीत. आणि नसणारच, कारण युनिकोडच्या चिनी अक्षरांच्या एकट्या मुख्य ब्लॉकमध्येच २०,९९२ जागा आहेत, तेवढी चित्रं काढायची म्हणजे फॉन्ट बनवणाऱ्याचं अर्धं आयुष्य, आणि प्रत्येक इन्स्टॉलबरोबर ते ओझं वाहायचं ते वेगळंच. ब्राउजरमध्ये किंवा वर्डमध्ये आपल्याला हे जाणवत नाही कारण तिथे एका फॉन्टमध्ये अक्षर नसलं तर सिस्टिम गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधून उचलून आणते. मॅटप्लॉटलिब हे स्वतःहून करत नाही. जो फॉन्ट ठरला तो ठरला.

उपाय नेटवर दर दुसऱ्या ठिकाणी सापडतो, दोन ओळींचा. पहिल्या ओळीत सेटिंगमधल्या सॅन्स-सेरिफच्या यादीत सिमहे हे नाव टाकायचं, तो विंडोजबरोबर येणारा चिनी फॉन्ट. दुसऱ्या ओळीत 'युनिकोड मायनस' बंद करायचं. आमच्या मुलीने पहिली ओळ घेतली, दुसरी सोडली, कारण त्या दुसऱ्या ओळीचा चिनी अक्षरांशी काय संबंध ते तिला कळेना. चार्ट आला, चिनी दिसायला लागलं, तिने मला दाखवला, मी पण वरवर बघून वा वा केलं.

आता हार्बिनची जानेवारीची सरासरी शून्याखाली सतरा-अठरा अंश असते, बीजिंगची पण शून्याखाली तीनच्या आसपास. म्हणजे उभ्या अक्षावर उणे आकडे आलेच. आणि त्या प्रत्येक उण्याच्या जागी एक छोटा डबा. डबा-१०, डबा-२०. लांबून बघितलं तर प्रिंटचा डाग वाटावा. कारण असं की मॅटप्लॉटलिब उणे लिहायला कीबोर्डवरची साधी आडवी रेघ वापरत नाही, गणितातलं खरं उणे चिन्ह वापरतं, युनिकोडमधलं ८७२२ नंबरचं, आणि सिमहेमध्ये नेमकं तेच नाही. ती दुसरी ओळ त्याचसाठी असते, खरं उणे बंद करून साधी रेघ वापर म्हणून सांगायला. ज्या खोक्याचा सगळा प्रश्नच गोठण्याचा आहे त्याच्या चार्टवर उणे चिन्ह गायब, हे जर गोदामात गेलं असतं तर कोणीतरी वीस म्हणून वाचलं असतं. चिनी अक्षराचा डबा निदान ओरडून सांगतो की मी चुकलोय, उण्याचा डबा गप्प बसून घात करतो. त्या दिवसापासून मी चार्ट बघताना आधी आकडे बघतो, मग अक्षरं.

लॅपटॉपवर झालं. आता हा चार्ट दर महिन्याला आपोआप निघायचा म्हणून कोड सर्व्हरवर टाकला, लिनक्स, डॉकर कंटेनर (प्रोग्रामला लागतं तेवढंच भरलेलं बंद खोकं), आणि परत सगळे डबे. लॉगमध्ये लिहिलेलं की सिमहे नावाची फॉन्ट फॅमिली सापडली नाही. साहजिक आहे, तो विंडोजचा फॉन्ट, लिनक्सवर कुठून असणार, आणि कंटेनरच्या छोट्या इमेजमध्ये तर फॉन्ट नावाची चीजच नसते, जे काय असतं ते मॅटप्लॉटलिबने आणलेलं. तिचं म्हणणं होतं की लॅपटॉपवरून ती फाइल उचलून सर्व्हरवर टाकू. सगळे हेच करतात, नेटवर सल्ला पण हाच मिळतो, पण विंडोजबरोबर मिळालेला फॉन्ट म्हणजे फुकट वाटायचा फॉन्ट नव्हे, त्याचं लायसन्स असतं, आणि कंपनीच्या सर्व्हरवर तो टाकायचा म्हणजे उद्या उत्तर मला द्यावं लागणार. मी नाही म्हटलं. तिला मी जुनाट वाटलो असणार, वाटू दे.

नोटो आहे ना. २०१४ च्या जुलैमध्ये गूगल आणि अडोबीने मिळून चिनी, जपानी, कोरियन तिन्हींसाठी एकच मोठा फॉन्ट काढला आणि मोफत, खुल्या लायसन्सवर दिला. अडोबी त्याला सोर्स हान सॅन्स म्हणते, गूगल नोटो सॅन्स सीजेके, आतला माल एकच. त्या डब्यांना फॉन्टवाल्या लोकांत टोफू म्हणतात, पांढरा चौकोनी ठोकळा म्हणून, आणि नोटो म्हणजे 'नो टोफू'. त्यात ६५,५३५ ग्लिफ आहेत, आणि हा आकडा असाच आलेला नाही, ओपनटाइप फॉन्टमध्ये याहून जास्त ग्लिफ बसतच नाहीत, म्हणजे डबा काठोकाठ भरलाय.

डेबियन या आमच्या लिनक्समध्ये त्याचं पॅकेज आहे, एका ओळीत इन्स्टॉल झालं. कोडमध्ये नाव बदलून नोटो सॅन्स सीजेके एससी केलं, एससी म्हणजे सिंप्लिफाइड चायनीज, सोपी केलेली चिनी लिपी, जी चीनमध्ये चालते. रन केलं. डबे.

इथे दीड दिवस गेला आणि खरं तर त्यात दोन वेगवेगळे घोळ एकावर एक बसले होते म्हणून इतका वेळ गेला. पहिला घोळ कॅशचा. मॅटप्लॉटलिब पहिल्यांदा चालतं तेव्हा मशीनवरचे सगळे फॉन्ट शोधून त्यांची यादी एका फाइलमध्ये लिहून ठेवतं, दरवेळी शोधत बसायला नको म्हणून. आमच्या सर्व्हरवर ती यादी फॉन्ट टाकायच्या आधीची होती, आणि नवीन फॉन्ट टाकला की ती यादी आपोआप बदलत नाही. फॉन्ट मशीनवर आहे, सिस्टिमला विचारलं तर आहे म्हणते, आणि मॅटप्लॉटलिब म्हणतं नाही. होम फोल्डरमधल्या कॅशमध्ये जाऊन 'फॉन्टलिस्ट'ने सुरू होणारी फाइल उडवली की पुढच्या वेळी नवीन यादी बनते. उडवली. परत डबे.

दुसरा घोळ मजेशीर. मी म्हटलं मॅटप्लॉटलिबला नेमके कुठले फॉन्ट दिसतायत ते तरी छापून बघू. छापलं तर नोटो होता, पण त्याचं नाव होतं नोटो सॅन्स सीजेके जेपी. जेपी म्हणजे जपान. एससी कुठेच नाही, कोरियन नाही, तैवानचा नाही, फक्त जपानचा. सिस्टिमला विचारावं तर ती पाचही नावं दाखवते. कारण असं की हा फॉन्ट टीटीसी फाइलमध्ये येतो, म्हणजे एका गठ्ठ्यात अनेक फॉन्ट, सगळ्यांची चित्रं सामायिक, फक्त कोणी कुठलं चित्र वापरायचं तो नकाशा वेगळा. आणि मॅटप्लॉटलिबची आमची आवृत्ती अशा गठ्ठ्यातला फक्त पहिला फॉन्ट उघडायची, बाकीच्यांकडे बघायचीच नाही. पहिला आहे जपानचा. म्हणजे पाच भावांची एक शिधापत्रिका आणि दुकानदार फक्त थोरल्याला ओळखतो.

आता आमच्या मुलीने काय केलं, एससीच्या जागी जेपी लिहिलं. चालू झालं. पाचही शहरं, बारा महिने, उणे चिन्हसुद्धा (नोटोमध्ये ते आहे). एक डबा नाही, एक वॉर्निंग नाही. चोंगचिंगमधलं दुसरं अक्षर चीनमध्ये सोपं केलेलं आहे, ते निव्वळ जपानी फॉन्टमध्ये बऱ्याचदा नसतं, पण इथे तेही आलं कारण गठ्ठ्यात सगळीच अक्षरं आहेत. मी विचारलं, जेपी का? ती म्हणाली, "दादा, अक्षरं तीच आहेत, नंबर तेच आहेत, मी एकेक नंबर तपासला." आणि ती चूक नव्हती. नंबर तेच होते. मी पाठवून दे म्हटलं. वडापाव त्या दिवशीचा.

आणि मग तो दोन ओळींचा ई-मेल.

'हाय' म्हणजे समुद्र. डावीकडे पाण्याची तीन टिंबं, उजवीकडे एक अक्षर ज्याचा अर्थ 'प्रत्येक'. त्या उजव्या भागाच्या पोटात चीनमध्ये दोन टिंबं काढतात, एक वर एक खाली. जपानने दुसऱ्या महायुद्धानंतर आपल्या लिपीत सुधारणा केल्या, त्यात त्या दोन टिंबांच्या जागी एक उभी रेघ आली. बास, फरक एवढाच. युनिकोडने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला चिनी, जपानी, कोरियन अक्षरं एकत्र केली तेव्हा ठरवलं की जे अक्षर मुळात एकच आहे आणि फक्त लिहायच्या वळणात थोडं वेगळं आहे त्याला एकच नंबर द्यायचा, वळण फॉन्टने सांभाळायचं. म्हणून 'हाय'चा नंबर दोन्हीकडे २८०२३. नंबर तपासून हा फरक कधीच सापडणार नाही, कारण तो नंबरात नाहीच, चित्रात आहे. असंच 'सरळ' अर्थाचं एक अक्षर आहे, असंच 'हाड' अर्थाचं, त्याच्या आतला छोटा चौकोन चीनमध्ये डावीकडे आणि जपानमध्ये उजवीकडे. माहिती नसेल तर दिसत नाही, आणि ज्याची लिपी आहे त्याला दुसरं काही दिसत नाही.

मुलीला हे समजवायला मला चिनीची गरजच पडली नाही. मी तिला विचारलं, मोबाइलवर 'ल' कसा दिसतो तुझ्या? मराठीचा पाकळ्यांचा ल आणि हिंदीचा ल, मराठीचा देठाचा श आणि हिंदीचा श, युनिकोडमध्ये नंबर एकच, आणि फॉन्टच्या कृपेने आपण रोज हिंदी वळणाचा ल-श बघतो. आपल्यातल्या बऱ्याच जणांना आता ते खटकत पण नाही, पण शाळेच्या पाटीवर किंवा लग्नपत्रिकेत दिसला की आजोबा लोक अजून म्हणतात हा कुठला ल. ई-मेल करणाऱ्या शांघायच्या बाईंनी तेच विचारलं होतं. फरक इतकाच की चीन आणि जपान यांच्यात जो इतिहास आहे तो बघता शांघायचं नाव जपानी वळणात छापून शांघायच्याच गोदामात लावणं हे आपल्या ल-पेक्षा जरा जड प्रकरण आहे. त्यांनी ज्या शांतपणे विचारलं त्याबद्दल मी अजून त्यांचा आभारी आहे.

दुरुस्ती शेवटी फारच सोपी निघाली, चीड यावी इतकी. गठ्ठा सोडून दिला आणि नोटोची फक्त चीनसाठीची वेगळी फाइल मिळते ती घेतली, कोडच्याच फोल्डरमध्ये ठेवली, आणि प्रोग्रामच्या सुरुवातीला मॅटप्लॉटलिबच्या फॉन्ट मॅनेजरला त्या फाइलचा पत्ता देऊन 'हा फॉन्ट पण घे' म्हणून सांगितलं. ही सोय ३.२ आवृत्तीपासून आहे. यात कॅश उडवायला नको, सिस्टिमवर काय आहे काय नाही बघायला नको, लॅपटॉप आणि सर्व्हरवर चार्ट सारखाच, आणि कुठलं वळण येणार ते फाइलच ठरवते. लायसन्स खुलं असल्यामुळे रेपोमध्ये, म्हणजे कोडच्या साठ्यात, ठेवायलाही हरकत नाही. ज्यांना वेगळी फाइल सांभाळायची नाही त्यांच्यासाठी लिनक्सवर वेनछुआनयी झेनहे नावाचा जुना मोफत चिनी फॉन्ट आहे, तोही गठ्ठ्यातच येतो पण त्याच्या गठ्ठ्यातला पहिलाच चिनी आहे म्हणून अडत नाही. दिसायला मला नोटो जास्त आवडतो.

फॉन्टची नावं देताना अजून एक केलं. ३.६ आवृत्तीपासून मॅटप्लॉटलिबला फॉन्टची यादी देता येते आणि एका फॉन्टमध्ये अक्षर नसलं तर ते यादीतल्या पुढच्या फॉन्टमध्ये शोधतं, अक्षरागणिक. त्याआधी यादी दिली तरी जो पहिला सापडेल तोच सगळ्याला. आमचा सर्व्हर ३.५ वर अडकला होता, तो वर नेला आणि फॉन्ट फॅमिलीमध्ये थेट यादी लिहिली: आधी डेजावू, मग नोटो चिनी. म्हणजे आकडे, उणे चिन्ह, अंशाचं वर्तुळ हे सगळं डेजावूमधून नेहमीसारखं येतं आणि चिनी अक्षरं तेवढी नोटोमधून. उण्याचा जो डबा झाला होता तो प्रकार मुळातूनच संपला, ती नेटवरची दुसरी ओळ लागतच नाही. उलट क्रम ठेवला तरी चालतं, पण मग इंग्रजी आकडे पण नोटोच्या वळणाचे येतात, ते आमच्या जुन्या चार्टांशी जुळत नव्हते.

एवढं झाल्यावरही एका सकाळी परत डबे आले आणि मला वाटलं आता नोकरी सोडावी. कारण क्षुल्लक होतं: कोणीतरी चार्टला सुंदर करायला सीबॉर्न नावाच्या पॅकेजची थीम लावली होती, आणि ती थीम लावली की ती फॉन्टची स्वतःची यादी, एरियल वगैरे, आपल्या यादीवर टाकून मोकळी होते. आपण आधी फॉन्ट सांगितला, नंतर थीम लावली, की आपलं सांगणं पुसलं. ओळींची अदलाबदल केली, आधी थीम मग फॉन्ट, झालं.

पीडीएफची भानगड थोडक्यात सांगतो. चार्ट पीडीएफमध्ये काढला आणि ट्रूटाइप म्हणजे टाइप ४२ पद्धतीने फॉन्ट आत भरायला सांगितलं की जुन्या आवृत्त्या अख्खा फॉन्ट आत कोंबायच्या, मग वीस अक्षरांच्या चार्टची फाइल कित्येक एमबीची. ३.५ पासून फक्त लागणारी अक्षरं भरली जातात, त्यामुळे आता तो त्रास नाही. एसव्हीजी या चित्राच्या फाइलमध्ये डिफॉल्ट पद्धत अक्षरांचे आकार रेघा म्हणून काढायची आहे, ती तशीच राहू द्यावी, मजकूर म्हणून ठेवलं तर समोरच्याच्या मशीनवर जो फॉन्ट असेल त्याचं वळण येतं आणि जपानी मशीनवर परत शांघायचा हाय जपानी. वेबवरच्या प्लॉटलीसारख्या चार्टांना हाच धोका, अक्षरं बघणाऱ्याच्या ब्राउजरमध्ये काढली जातात म्हणून आपल्याकडे सगळं नीट दिसतं आणि सर्व्हरवर त्याचंच चित्र काढायला गेलं की डबे.

आता आमच्याकडे एक छोटा टेस्ट चार्ट आहे, कोणताही बदल केला की आधी तो निघतो. त्यात शांघाय मोठ्या अक्षरात, 'सरळ' आणि 'हाड'वाली ती दोन अक्षरं, चोंगचिंग, आणि उणे वीस. मशीनला यातलं फक्त डबे आहेत की नाही एवढंच कळतं, वळण बरोबर आहे का ते माणसानेच डोळ्याने बघायचं, आणि ते काम त्या मुलीकडे आहे कारण आता हाय-च्या पोटातली दोन टिंबं तिला मैलावरून दिसतात.

शेवटी एक राहिलं. चार्ट शांघायला आवडला म्हटल्यावर आमच्या साहेबांनी सांगितलं की हाच मराठीत पण काढा, चाकणच्या गोदामात लावू. मी म्हटलं वीस हजार अक्षरांची लिपी जमली, आपली तर पन्नासेक अक्षरं, देवनागरी फॉन्टची फाइल टाकली की झालं. टाकली. डबे नाहीत, वॉर्निंग नाही, आणि चार्टवर 'हार्बिन'च्या रचा पाय मोडलेला, बची वेलांटी बच्या पुढे जाऊन नला चिकटलेली. बीजिंगच्या जची तीच गत, चोंगचिंगच्या चची तीच, ग्वांगझूमधला अर्धा ग हलन्त होऊन उभा. चिनी अक्षर म्हणजे एक नंबर एक चित्र, ठेवलं की बसलं. देवनागरीत अक्षरं एकमेकांना बघून आकार बदलतात, वेलांटी लिहिली नंतर जाते आणि दिसते आधी, रफार उडी मारून पुढच्याच्या डोक्यावर बसतो, आणि हे करायला शेपिंग नावाची वेगळी पायरी लागते, जी आमच्या आवृत्तीत नव्हतीच. मॅटप्लॉटलिब एकेक अक्षर ओळीने मांडत गेलं, चिनीसारखं. मग आम्ही एमपीएल-कैरो नावाचा वेगळा बॅकएंड, म्हणजे चार्ट प्रत्यक्ष रंगवणारा भाग, लावून तो चार्ट काढला, त्यात ही पायरी आहे. (ग्नूप्लॉट नावाच्या चार्ट काढायच्या प्रोग्रामच्या कैरोवाल्या टर्मिनलमध्येही होतं, ज्यांना ते येतं त्यांच्यासाठी.)

पण तो पहिला मोडका चार्ट मी फेकला नाही, माझ्या टेबलासमोर चिकटवलाय. पाच शहरांपैकी चार मोडलेली आणि एकच नाव धड आलेलं, कारण त्यात ना वेलांटी ना जोडाक्षर ना रफार: शांघाय. मुलीने तो बघितला, जवळ जाऊन परत बघितला आणि म्हणाली, "दादा, श हिंदीचा आलाय."